बाकाखालची साक्ष

दुष्काळाच्या त्या साली आमच्या सोसायटीने सामाईक विहीर खोल करायला काढली. मी सोसायटीचा सचिव, म्हणजे काठावर उभं राहून फुकटचे हुकूम सोडणारा माणूस. एक सुरुंग उडेना. तो फुसका निघाला असं समजून मी लहानपणापासूनच्या मित्राला घेऊन पुढे गेलो, आणि तो उडाला. मित्र जागीच गेला. मला खरचटलंसुद्धा नाही.

तेव्हापासून मोठा आवाज झाला की मी आधी आडवा होई आणि मग विचार करी. बायकोने कुकर माळ्यावर टाकला. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर ट्रकचं टायर फुटलं, तेव्हा मी एका अनोळखी ड्रायव्हरच्या बाजेखाली शिरलो. भला माणूस होता. खाली वाकून त्याने मला कांदा हवा का म्हणून विचारलं.

आमच्या चर्चवर पत्रे. उन्हाने तापले की उपासनेतच ठण्णकन वाजतात. पहिल्यांदा वाजले तेव्हा पाळकसाहेबांचा पश्चात्तापावरचा संदेश रंगात आला होता आणि मी बाकाखाली. मंडळीला वाटलं, गडी विरघळला. चौथ्या रविवारी दोन म्हातारे माझ्या पाठोपाठ गुडघे टेकू लागले. मी गप्प राहिलो. फुकटचा मोठेपणा कुणाला नको असतो?

बायकोला मात्र ते बघवेना. तिने पाळकसाहेबांना खरं काय ते सांगून टाकलं. ते म्हणाले, "विश्वासाने म्हणा, भीती गेली. येत्या रविवारी साक्ष द्या."

साक्ष म्हणजे मंडळीपुढे उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. अर्धवट बऱ्या झालेल्याची साक्ष कुणी मागत नाही. पण मी लगेच हो म्हणालो, कारण पहिल्या बाकावर मित्राची आई बसायची. वर्षभर मी तिची नजर चुकवत होतो. एकदा तरी मला तिच्यासमोर ताठ उभं राहायचं होतं.

रविवारी इस्त्रीचा सदरा घालून उभा राहिलो. "देवाने माझी भीती समूळ काढून टाकली..." म्हणालो आणि पत्रा वाजला.

बाकाखालून मला फक्त चपला दिसत होत्या. कुणीतरी खोकलं. पाळकसाहेबांनी घाईने गीत सांगितलं, पण सुरुवात कुणी करेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग एक नऊवारी खाली आली. मित्राची आई, गुडघे धरत, कण्हत, जमिनीवर बसली. तिने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"पी. मी बी दचकते, लेकरा. त्या दिसापासून. मला वाटलं, मी एकलीच हाय."

"मावशी, मीच त्याला पुढं नेलं," मी म्हणालो. 

"म्हाईत हाय मला. कशापायी तोंड लपवत फिरतूस?" मग ती पाळकसाहेबांकडे वळली. "शास्त्रातला त्यो संदेष्टा रानात मरन मागत झाडाखाली पडला, तवा देवदूतानं भाकर दिली, पानी दिलं, पुन्हा निजू दिलं. साक्ष दे म्हनला न्हाई."

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं आणि तेही खाली बसले. मला रडू आवरेना.

तेवढ्यात पत्रा पुन्हा वाजला. मावशीने माझा हात गच्च धरला. तिचा हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता, म्हणून मग मीच म्हणालो, "पत्रा हाय मावशी, नुसता पत्रा."