डावा गाल

हर्सूल तलावाच्या रस्त्याला सांडू मिस्त्रीची शेड. पत्रा ठोकण्यात हात असा, की जीपचं मडगार्ड बैलानं हाणलेलं असो नाहीतर ट्रकनं चेपलेलं, सांडूच्या हाताखालून गेलं की आरशासारखं. मूळचा फर्दापूरकडचा, शेतकऱ्याचं पोर. नांगर सोडून हातोडी धरली, ती सत्तरी आली तरी सुटली नाय.

शेडच्या कोपऱ्यात सव्वीस वर्षं एक गाडी ताडपत्रीखाली निजलेली. विलायतेतली, शर्यतीची. दोन माणसांची जागा, वर टप नाय, अंग सगळं अल्युमिनियमचं, हातानं ठोकून घडवलेलं. अशा गाड्या साऱ्या जगात मिळून वीसही बनल्या नव्हत्या म्हणतात. वकील मधुसूदनरावांनी ती हैदराबादहून ट्रकवर घालून आणली, इंजिन वेगळं खोक्यात. म्हणाले, "सांडू, विलायतेहून सामान आलं की कामाला लागू." सामान काही आलं नाही, आणि वाट बघता बघता वकीलसाहेबच गेले.

सांडूची बायको द्वारकाबाई गाडीला सवतच म्हणायची. "दर पावसाळ्यात तिला नवी ताडपत्री. माझ्यावर कधी छत्री तरी धरली का?"

"तिचा सांगाडा लोखंडी हाय. तू कुठं गंजतीस?" सांडू म्हणायचा.

गेल्या महिन्यात वकीलसाहेबांची नात मनस्विनी आली. गाडी परत चालती करायची तिनं मनावर घेतलं होतं. "काका, पुण्याचे लोक सगळा पत्रा नवा घालू म्हणतात. पण निदान पुढचं नाक तरी मूळचं असेल, तर मला जुनंच अंग ठेवायचंय. मग काम तुमच्याच हातानं. नाकाला कुणी हातोडी लावली नाही ना?"

असं विचारून तिनं याच गाडीचा शर्यतीतला एक जुना फोटो पुढं धरला. सांडूनं चष्मा पुसला, फोटो बघितला, आणि स्टूल ओढून बसला.

फोटोत नाकाचा डावा गाल उजव्याहून फुगीर होता. घडवणाऱ्यानंच तसा घडवलेला! आणि सांडूनं, वीस वर्षांमागं एका रिकाम्या दुपारी, तो फुगवटा म्हणजे कुणाच्या तरी ठोकण्यातली चूक समजून दोन्ही गाल बरोबर केले होते. किती खूश झाला होता त्या दिवशी! गल्लीत चहा वाटला होता.

पोरीच्या काही ध्यानात आलं नव्हतं. 'नाय' म्हटलं असतं तर सव्वीस वर्षं वाट बघितलेलं काम त्याच्या पदरात पडत होतं.

"ताई," सांडू म्हणाला, "लावलीय. म्याच."

मनस्विनीनं नाकावरची ताडपत्री मागं सारली. मग हळूच म्हणाली, "किती बदललं?"

सांडू उठला. त्याच्या उस्तादानं एक शिस्त लावली होती. हातोडी उचलायच्या आधी पत्र्याच्या वळणाचं माप सिमेंटच्या गोणीच्या कागदावर कापून ठेवायचं, मग काम किती का क्षुल्लक असेना. पेटीच्या तळातून त्यानं त्या दुपारी कापलेला कागद काढला, नाकावर आडवा धरला. उजवीकडं चिकटून बसला. डावीकडं बोटभर फट.

मनस्विनीनं कागदावरून बोट फिरवलं. फोटो बघितला, पुन्हा कागद बघितला. "पुण्यात असा कागद नाहीये, काका," ती म्हणाली. "तुम्ही बिघडवलंय, तुम्हीच नीट करा."

चार बोल्ट काढून नाक सुटलं. सांडूनं डाव्या गालावर धुण्याच्या साबणाची वडी घासली, खालून आग दिली. साबण काळवंडला तशी आग बाजूला केली. पत्रा आता नरम झाला होता. गार झाल्यावर नाक उलटं करून वाळूच्या पिशवीवर ठेवलं, लाकडी हातोडी उचलली, आणि हात तसाच वर राहिला. उभ्या आयुष्यात त्या दुपारच्याइतकं सफाईचं काम त्याच्या हातून दुसरं झालं नव्हतं.

"हाणा की," दारातून द्वारकाबाई म्हणाली. "माझ्या सवतीला तिच्या बापानं दिलेलं तोंड परत करा."

सांडूनं हातोडी हाणली.