सिंकमधला परका चमचा

महाडच्या स्टँडवर मुंबईची एस.टी. लागली होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळामास्तर. खिडकीशी येऊन ते एवढंच म्हणाले, "परक्याच्या घरात काही मोडलं, तर त्यांनी विचारायच्या आधी सांगून टाक." मी पाणी प्यायलेला पेला आई पदराने पुसत राहिली. नवरा आधीच शिकागोला शिकायला गेला होता. मी त्याच्यामागे निघाले होते.

तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडे भाजीची देठं, फणसाच्या साली, सगळं म्हशीपुढे जायचं. शिकागोत सिंकच्या भोकाखाली एक यंत्र होतं. बटण दाबलं की गुरगुरायचं आणि खरकटं दळून गटारात सोडायचं. घरमालकीण विधवा बाई, तळमजल्यावर राहायची. पहिल्याच दिवशी तिने बजावलं, की पाण्याची गार धार सोडूनच ते चालवायचं, हाडं नि दोरे घालायचे नाहीत, आणि बिघडवलंत तर जागा सोडायची. सांगताना ती आमच्या मसाल्यांचा वास घेत होती. तिचा आमच्यावर भरवसा नव्हता आणि माझा त्या यंत्रावर.

पुढे तर बाईवरही राहिला नाही. मंगळवारी मी इंग्रजीच्या वर्गाला जायची. परत यावं तर सिंक ओलं आणि खुर्ची खिडकीकडे वळलेली. दुसरी किल्ली बाईकडे होती. मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, एकटी असतेस म्हणून असले भास होतात. मग मी निघताना खुर्चीचे पाय फरशीच्या रेघेवर नेमके लावून जाऊ लागले. दर मंगळवारी ते रेघेवरून हललेले असत.

ऐन थंडीत एका मंगळवारी संध्याकाळी यंत्र नुसतं घुमलं आणि बंद पडलं. आदल्याच दिवशी खूप दिवसांनी नारळ मिळाला म्हणून मी तो नळाखाली सोलला होता, आणि शेंडी आत वाहून गेली होती. नवऱ्याची परीक्षा तोंडावर होती. त्या बर्फात जागा कुठे शोधणार?

मी फ्यूज काढला. आत हात घालणार, तोच नदीकाठच्या खेकड्यांच्या बिळाशी आई म्हणायची ते आठवलं. आई पोलादपूरकडच्या खेड्यातली. "आत काय हाय ते दिसत नाय, तिथं हात घालू नको गो." हात मागे घेतला. झाडूचा दांडा आत टेकवून जोर लावला. तळाची तबकडी दोनदा अडली, मग फिरली. बॅटरीच्या उजेडात पापड भाजायच्या चिमट्याने चिकट काथ्या ओढून काढला. त्याच्याबरोबर एक चांदीचा चमचा आला, कडा चेमटलेल्या. आमच्याकडे असला चमचा नव्हता.

अडकलेलं यंत्र पुन्हा सुरू करायचं खालचं लाल बटण दाबून, फ्यूज बसवून, पाणी सोडून पाहिलं. ते सुरळीत फिरू लागलं. शेंडी केराच्या डब्यात टाकली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण अण्णांचं बोलणं मनातून जाईना, आणि खरं सांगायचं तर बाईला पकडायचंही होतं. काथ्या आणि चमचा एकाच बशीत घेऊन खाली गेले. आधी माझी चूक सांगितली, मग चमचा पुढे केला.

तिने काथ्याकडे पाहिलंच नाही. चमचा हातात घेऊन म्हणाली, "तीस वर्षं ते माझं स्वयंपाकघर होतं. नवरा गेल्यावर रोज जिने चढवेनात म्हणून खाली आले. तुम्ही नसलात की वर बसून चहा पिते."

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. "आता मी घरी असतानाच या," असं मी म्हटलं. ती आली नाही. दुसऱ्या दिवशी तिने दुसरी किल्ली आमच्या दाराच्या फटीतून आत सारली.

सहा वर्षांनी महाडला आले. आई मधल्या काळात गेली होती. भावाचं लग्न मी गेल्यानंतर झालेलं, त्यामुळे वहिनीशी ओळख पत्रातलीच. सकाळी सवयीने चुलीशी गेले, चहाचं आधण ठेवलं. वहिनी दारात उभी होती. हसत होती, पण नजर माझ्या हातावर होती. साखरेचा डबा आई ठेवायची तिथेच, फळीवर डावीकडे होता. मला तो दिसत होता.

मी हात मागे घेतला आणि विचारलं, "वहिनी, साखर कुठे ठेवतेस गं?"