मे महिन्यातला स्वेटर

नागपुरात मे महिन्यात स्वेटर घालणारी बाई मी एकच पाहिली. आमच्या नाटकमंडळीची प्रॉम्प्टर, अंजनाबाई. तीस वर्षं विंगेत बसून तिने आम्हा विसरभोळ्या राजे-महाराजांना वाक्यं पुरवली. टाळ्या आम्ही घेतल्या.

गांधीबागेतल्या तिच्या खोलीवर गेलो तेव्हा कूलर बंद होता. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा. माझं नाव आठवायला तिला इतका वेळ लागला की तेवढ्यात माझ्यासारख्या नटाने रंगमंचावर दोनदा मरून दाखवलं असतं. मनीषनगरात राहणाऱ्या तिच्या मुलाने, ऋषीने, म्हातारपणाचा विसर असं परस्पर ठरवलं होतं. खोली बंद करून तो आईला घरी नेणार होता. तिला जायचं नव्हतं. इथे ती स्वतःच्या मर्जीची राणी होती.

मी तिला गल्लीतल्या तरुण डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नाडी पाहिली, थंडी, केस गळणं, पोट साफ न होणं, सगळं विचारलं आणि रक्त तपासलं. थायरॉइडची ग्रंथी काम टाळत होती, आमच्या कित्येक नायकांसारखी. रोज एक गोळी ठरली. ऋषीने दोन महिने थांबायचं कबूल केलं.

दोन महिन्यांनी रिपोर्टमधला थायरॉइडचा वाढलेला आकडा होता तिथेच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी कशाबरोबर घेता? दुधाच्या चहाबरोबर, आणि शेजारी कॅल्शियमची गोळी.

"बिचारी गोळी एकटी कशी जाईन वं पोरी? मी तिले सोबत देऊन राहिली ना."

"तिला सोबत चालत नाही, आजी. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या तासाने, कॅल्शियम चार तासांनी."

मी ऋषीकडे जाऊन आणखी दीड महिना मागितला. पाय धरायला वाकलो तो गुडघाच अडकला. मला उचलता उचलता त्याने होकार दिला.

दीड महिन्याने तो आकडा बराच खाली आला, आवाज मोकळा झाला. तरी ऋषी रिकाम्या बॅगा घेऊन हजर. अंजनाबाईने रिपोर्ट त्याच्या हातात ठेवला.

"मले काहून नेऊन राहिला गा? माझी गोळी सहाले, चहा साडेसहाले. तुझ्या घरी आठापर्यंत सारे घोरत राहतेत."

ऋषीने रिपोर्ट दोनदा वाचला. मग म्हणाला, पुढच्या तपासणीला मी येतो सोबत. एका बॅगेत तिने मुगवड्या भरून दिल्या.