डाव्या तोंडाचा मासा

माझ्या धाकट्या भावाच्या सासऱ्यांइतका हट्टी माणूस बेळगाव ते निपाणी या टापूत दुसरा जन्मला नसेल. जन्मला असला तरी यांच्यापुढे टिकला नसेल. बेळगावच्या वडगावात त्यांचे साडीचे माग. सारा जन्म काठपदरावरून मान वर केली नाही आणि साठीनंतर अचानक एका थाळीच्या नादी लागले. खडेबाजारात जुन्या सामानाच्या दुकानात ती त्यांना सापडली, तेव्हा तिच्यात खिळे ठेवले होते. जुनी चिनी थाळी, गोव्याकडून कधीतरी घाट चढून आलेली. पांढऱ्याशुभ्र चिनी मातीवर निळ्या रंगात शेवाळातून पोहणारा एक मासा. ती किती जुनी हे सांगणारा जाणकार गावात नव्हता, आणि असता तरी यांनी त्याला बोलू दिलं नसतं. मागच्या बाजूला चिनी अक्षरं होती. त्यांचा अर्थ 'हातातून पाडू नये' असा आहे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ठासून सांगत.

थाळी सोप्यात भिंतीवर चढली. सोमवारी, शनिवारी आणि अख्खा श्रावण मात्र माशाचं तोंड भिंतीकडे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "पावणं, वाराच्या दिशी मासा नदरं पडला की जीव ऱ्हात न्हाय." चित्रातला निळा मासा बघून कुणाच्या तोंडाला पाणी सुटेल असं मला वाटलं नव्हतं, पण मी त्यांच्या पंगतीला बसलेलो आहे, सुटू शकतं.

मग त्यांनी ठरवलं की हा मासा एकटा नाही. "काठावर येकटा मोर कवा बघितलासा काय? ह्येचं तोंड उजवीकडं हाय. डाव्या तोंडाचा कुटंतरी असणारच." तेव्हापासून ते लग्नाला गेले की नवरानवरी सोडून यजमानांची कपाटं बघत. बारशाला गेले की पाळण्याआधी फळी. आम्ही मागे हसायचो. आणि एक दिवस निपाणीत, एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी, खरोखरच डाव्या तोंडाचा मासा निघाला. या आक्कांना ती थाळी त्यांच्या आईनं दिलेली. यांनी मागितली, आक्का म्हणाल्या, "न्हाय बाई, तुमचीच मला द्या." दोघंही तसूभर हलले नाहीत. शेवटी तोड निघाली ती अशी, की दर संक्रांतीनंतर यांनी आपली थाळी निपाणीला न्यायची.

नेत कसे, तर बसमध्ये थाळीचं वेगळं तिकीट काढून. कंडक्टरनं विचारलं, हे दुसरं तिकीट कुणाचं? म्हणाले, "लेकीचं." "मगळु एल्लि री?" लेक कुठाय, असं कानडीत विचारत तो सीटखालीसुद्धा वाकून पाहू लागला, तेव्हा यांनी शेजारचं गाठोडं दाखवलं. निपाणीत दोन्ही थाळ्या कॉटवर शेजारी ठेवायच्या, मासे समोरासमोर, आणि दोघांनी चहा पीत नुसतं बघत बसायचं. त्यांच्या पत्नी, आमच्या विहीणबाई, म्हणत, "माझ्या म्हायेराला जायाचं म्हटलं की ह्येंचा गुडघा दुकतोय."

गेल्या संक्रांतीनंतर मी सोबत गेलो होतो. आक्कांनी चहा आणला, थाळी आणेनात. विचारल्यावर आतून एक फडकं आणून यांच्यापुढे सोडलं. थाळीचे तीन तुकडे. मासा मधोमध फुटला होता. "माझ्याच हातनं पडली बघा, आण्णा. आईची येवढीच वस्तू ऱ्हायलीती," म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. सासरेबुवा बराच वेळ तुकडे जुळवून बघत बसले. यांच्या स्वभावाप्रमाणे आता अक्षरांचा अर्थ ऐकवणार म्हणून मी खाली मान घातली. पण ते उठले, आपली थाळी गाठोड्यातून काढून आक्कांच्या फळीवर ठेवली आणि तुकडे त्याच गाठोड्यात बांधले.

"ही ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. ही मी सांधतो. माझं माग बंदच हायत आता, हाताला काम पायजे."

"आवं, पर तुमची चांगली थाळी..."

"जोडी काय मोडली न्हाय, आक्का. घरं बदलली."

परतताना बसमध्ये संकेश्वरच्या पुढे त्यांनी हळूच डोळे पुसले आणि खिडकीतून धूळ येते म्हणाले. खिडकी बंद होती. भावाच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपण सोयरीक चांगल्या घरात केली, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.