न खणलेले दोन खड्डे

किसन गेल्याचा निरोप मला आदिलाबादच्या घरी सकाळी मिळाला. त्याचा मुलगा सुरेश फोनवर म्हणाला, "काका, बाबा गेले." मी "बरं" एवढेच म्हणालो. फोन ठेवल्यावर पहिल्यांदा जे मनात आले ते दुःख नव्हते. आपले गुपित जाणणारा आता कोणी उरला नाही, असा तो विचार होता... सुटका झाल्यासारखा. दुःख नंतर आले. हा क्रम मी लपवीत नाही, कारण पुढचे सारे त्यामुळेच लिहावे लागत आहे.

आम्ही जैनथकडच्या एकाच गावचे. चौथीपर्यंत शाळेत शेजारी बसलो. पुढे मी शिकलो आणि माती सर्वेक्षणाच्या नोकरीत लागलो. किसनने वडिलांप्रमाणे गावाची गुरे राखली. माती मी पुस्तकांतून शिकलो, त्याने गुरांच्या मागे चालून. पैनगंगेकाठची काळी रेगडी, जिला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ती कापसाची. तिच्या वरची मध्यम जमीन ज्वारीची, अलीकडे सोयाबीनची. त्याहून वर टेकाडावर, मुरमावर पातळ पसरलेली बरड. तिथे पवन्या आणि शेडा ही गवते, आणि ती चरणारी गुरे. हा क्रम मी नकाशावर रंगवीत असे. किसन तो पायांनी ओळखे. "रेगडीत बैल पाय उचलून चालते, बरडावर घासत चालते," असे तो म्हणे. हे मी कुठेही वाचले नव्हते. पुढे पाहिले तेव्हा ते खरे निघाले.

चाळीसेक वर्षांपूर्वी आमच्याच गावच्या टेकाडावरील गायरानाची पाहणी माझ्याकडे आली. भूमिहीन कुटुंबांना त्यातून पट्टे द्यायचे होते आणि जमीन कोणत्या पिकास योग्य आहे, हे मला ठरवायचे होते. नियमाप्रमाणे तीन खड्डे खणावे लागत : माथ्यावर, उतारावर आणि पायथ्याला. खणायला मी किसनला घेतले. मे महिना होता. पायथ्याशी मोहाचे झाड होते आणि त्या सावलीत दुपारी गावची गुरे बसत. सावलीसाठीच मी पहिला खड्डा तिथे घेतला. कंबरेएवढे खणले तरी काळी माती संपेना. मी समाधानाने वहीत आकडे उतरवीत होतो. किसनने खणणे थांबवले.

"सायेब, हे ढोरायची बसायची जागा होय," तो म्हणाला. एरवी मी त्याचा गणप्या, चारचौघांत सायेब. त्या दिवशी सोबत जीपचा चालक होता. "आज्याच्या आज्यापासूनचं शेन हाये इथं, अन् वरतून वाहून आलेला गाळ. वर वीतभर बी माती नाई. वर खंदून पाहा ना."

"तू तुझं काम कर."

"करतोच ना. वरचे दोन कवा करू?"

"राहू दे ते."

तो हसला. "मंग कागदावरच खंदता का?"

मी कागदावरच खणले. जीप त्याच दिवशी परत करायची होती आणि ऊन असह्य होते. ही कारणे तेव्हा पुरेशी वाटली. उरलेल्या दोन खड्ड्यांची खोली पहिल्यावरून अंदाजाने भरली आणि शेरा लिहिला : मध्यम खोल, कापूस व ज्वारीस योग्य. पंच म्हणून किसनची सही हवी होती. त्याने कागद बराच वेळ हातात धरला. त्याला वाचता येत होते. चौथीत अभ्यासात तो माझ्यापुढे होता. मग त्याने सही केली.

पट्टे झाले. किसनलाही तीन एकर मिळाले, टेकाडाच्या मधोमध. गवत नांगरले गेले, चराई संपली, लोकांनी गुरे विकली आणि त्यासोबत किसनच्या घराण्याचे कामही गेले. तीन पावसाळ्यांत वरची माती ओढ्याला लागली. कापूस गुडघ्यावर कधी आला नाही. पण कागदावर जमीन चांगली होती. तेव्हा दोष माणसांचा ठरला. एकदा मी गावी गेलो असताना चावडीवर एक मोठा शेतकरी सर्वांदेखत म्हणाला, "ढोरक्याले कापूस काय समजते! सोन्यासारखी जमीन भेटली, अन् काय केलं तं पाहा." लोक हसले. त्याने मला साक्षीला ओढले. "काऊन सायेब, जमीन तं चांगली होय ना?"

किसन समोरच बसला होता. माझ्याकडे न पाहता तो तंबाखू मळत राहिला. मी म्हणालो, "नोंद तशीच आहे."

घरी परतताना तो माझ्यासोबत फाट्यापर्यंत आला. मला वाटले, आता बोलेल. बस दिसली तेव्हा तो एवढेच म्हणाला, "तुही नोकरी राहू दे, गणप्या. लेकरं लहान हायेत तुही." त्याचीही लेकरे लहानच होती. हा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. मी तो निघू दिला नाही, असे म्हणणे अधिक खरे.

नोकरी संपली. चूक मान्य केल्याने कोणाची भाकरी जाणार नव्हती, तरीही मी गप्प राहिलो. तो अंथरुणाला खिळला आहे असे कळले, तेव्हा मात्र सर्व सांगायचे ठरवून गेलो. दारात मला पाहताच तो म्हणाला, "काय रे, माही माती तपासाले आला का? थांब थोडकं, घाई काऊन करतं?" वहिनी, म्हणजे त्याची बायको अनसूया, त्याच्यावर रागावली. मी हसलो. मग आम्ही पावसाविषयी बोललो, बैलांविषयी बोललो... आणि मी उठलो. ती आमची शेवटची भेट.

तेरावे झाल्यावर मी पुन्हा गेलो. वहिनी ओसरीवर एकट्या होत्या. मी सारे सांगितले. मोहाखालचा खड्डा, न खणलेले दोन, त्याची सही, चावडीवरचे माझे वाक्य.

"मले माईत हाये, भाऊजी," त्या शेवटी म्हणाल्या. "त्यायनं मले तवाच सांगतलं होतं. म्या म्हनलं, मंग चावडीवर बोलत काऊन नाई? तं चूप बसे. आता तुमी मले एकलीले सांगून मोकये होता का? जे हासले त्यायले सांगा." आणि आत पाहून त्यांनी हाक मारली, "सुरेश, इकडं ये. काका काय म्हनून राह्यले, आयक."

सुरेश मंचेरियलला नोकरी करतो. शेतीत बाप हरला, या एका गोष्टीने तो वयात येताच गाव सोडून गेला होता. बापाचे कपडे कोणा गरजूला द्यायचे म्हणून तो आत बसून निवडत होता. हातात एक धोतर घेऊनच बाहेर आला. त्याच्या काठाला कुसळे भरली होती. ही कुसळे न नांगरलेल्या बरडावरच्या गवताची. किसनने शेवटची काही वर्षे आपले तीन एकर पडीक ठेवले होते आणि तिथे गवत परतले होते. सुरेश खाली बसून एक-एक कुसळ उपटत राहिला. मला सगळे दुसऱ्यांदा सांगावे लागले. दुसऱ्यांदा सांगणे अधिक कठीण गेले.

हातातले कुसळ त्याने बाजूला ठेवले. मग म्हणाला, "म्या एक डाव बाबाले इचारलं होतं, आपलंच वावर काऊन पिकत नाई. तं मले म्हने, जमिनीत दोष नाई रे, मलेच जमत नाई. मी तेच धरून बसलो, काका."

वहिनींनी सांगितले ते मी येथे, जे हसले त्यांच्यासाठी लिहून करतो आहे : त्या टेकाडावर वीतभर माती होती, किसनला ते ठाऊक होते, त्याने मला सांगितले होते, आणि मी खोटे लिहिले.

सुरेश उठला. निम्मी कुसळे अजून काठातच होती. त्याने धोतराची घडी घातली, द्यायच्या गाठोड्यात न ठेवता ते आत नेले आणि किसनच्या खुंटीवर अडकवले.