माझी बढाई आणि भाचीची शाळा

मला खोटं बोलता येत नाही. फुगवून बोलता येतं. या दोन्हींत फरक आहे हे मी लग्न झाल्यापासून बायकोला समजावतोय, आणि तिला ते अजून पटलेलं नाही. गेल्या मे महिन्यानंतर तर मी तो विषयच सोडून दिलाय.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मी एका पतसंस्थेत कारकून. पोरगा इंग्रजी शाळेत. मी स्वतः महापालिकेच्या शाळेत शिकलो, आणि त्या शाळेनं माझं काही वाईट केलं नाही. पोराचं नाव घालायची वेळ आली तेव्हा आम्ही नवरा-बायकोनं पंधरवडाभर दोन्हीकडचे हिशेब मांडले: इकडे शिक्षक कमी पण कायम, तिकडे इमारत मोठी पण बाई दर सहामाहीला नव्या, इकडे मातृभाषा, तिकडे इंग्रजी. शेवटी ठरलं ते यातल्या कशावरच नाही. आमच्या अपार्टमेंटमधली झाडून सगळी पोरं सकाळी पिवळ्या बसमध्ये चढतात, आणि आपलं एकटंच दप्तर घेऊन चालत निघालंय, गॅलरीतून सगळे बघतायत, हे चित्र काही मला झेपेना. कारण एवढंच. पण एवढंसं कारण पाहुण्यांना सांगता येतं का? पाहुण्यांना शाळेचे गुण सांगावे लागतात.

पाहुणे म्हणजे मुख्यतः आमचे दाजी. थोरल्या बहिणीला वैरागला दिलीय. दाजींचं तिथं खत-बियाण्यांचं दुकान आहे. त्यांची एकुलती एक पोर, माझी भाची, आमच्या पोराच्याच वयाची, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. दाजी मालाच्या निमित्तानं सोलापूरला आले की जेवायला आमच्याकडे. जेवण झालं, सुपारी कातरून झाली की हमखास विचारणार, "मग पाव्हणं, शाळा काय म्हणती?"

झालं. मी सुटायचो.

"दाजी, तिथं अभ्यास असा नसतोच. सगळं खेळातून."

"खेळातून?"

"दप्तरच नाही म्हणा ना. आणि शिकवणी लावायची तर गरजच नाही."

पोराचं दप्तर तेव्हा बायको कॉटखाली ढकलत असायची, कारण ते दारामागे मावत नाही. आणि पोरगा त्या वेळी खालच्या मजल्यावर शिकवणीलाच गेलेला असायचा. "खाली खेळतोय," असं मी सांगायचो. पोरगा वर आला की त्याला दाजींसमोर उभा करून इंग्रजी कविता म्हणायला लावायची. तो छताकडं बघत एका दमात म्हणून टाकायचा. दाजींना एक शब्द कळायचा नाही. मलाही सगळे कळायचे असं नाही. पण आम्ही दोघं माना डोलवायचो.

एकदा दिवाळीत वैरागहून परत यायला निघालो. स्टँडवर सोडायला दाजी आणि भाची आलेली. भाची येईल त्या गाडीची पाटी खड्या आवाजात वाचत होती, "ही बार्शी! ही तुळजापूर, आपली न्हाय!" दाजी आमच्या पोराला म्हणाले, "तू सांग की रं, ती कुटली आली?" पोरगा पाटीकडं बघून गप्प. त्याला शाळेत मराठी विषय आहे, पण अक्षरं जुळवत जुळवत तो शेवटाला पोचेपर्यंत गाडी निघून जाते. मी म्हणालो, "अहो, त्याच्या डोळ्यांचा नंबर वाढलाय."

पुढच्या खेपेला दाजी गाजरांचं अर्धं पोतं घेऊन आले. डोळ्याला चांगली म्हणून. आम्ही महिनाभर गाजरं खाल्ली. पोरगा प्रत्येक घासाला माझ्याकडं असा बघायचा की त्याच्या नजरेत काही दोष नाही हे कुणालाही कळावं.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एप्रिलच्या शेवटी दाजींचा फोन आला.

"पाव्हणं, ठरलं. पोरीला तुमच्या शाळंत घालायची. तुमच्याकडंच ठिवायची. हिला सांगितलंय मी."

"ताई काय म्हणाली?"

"काय म्हणायचं हाय त्यात? मामाचं घर हाय, परकं थोडंच हाय."

वैरागातही इंग्रजी शाळा निघाली होती. पण दाजींना सोलापूरचीच हवी होती, कारण जाहिरात मी सोलापूरच्या शाळेची केली होती. फोन ठेवून मी बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "पोरगी आली तर मला जड नाही. पण आठ वर्षांची पोर आई सोडून राहणार, ती तुमच्या थापांवर. ते बघा तुम्ही."

मे महिन्याच्या ऐन उन्हात तिघं आले. ताई, दाजी, भाची, आणि एक फुगलेली बॅग. बायकोनं कपाटाचे दोन कप्पे रिकामे करून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाऊन नाव घालायचं ठरलं. पोरं लगेच जिन्यात पळाली.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर ताई कणीक मळता मळता बायकोला सांगत होती. "भाजीत कांदा दिसला की जेवत न्हाय. बारीक चिरून टाकला की कळत न्हाय तिला. वेणी घट्ट घाल, रडली तरी घट्टच घाल, न्हायतर दुपारपर्यंत सुटती. आणि झोपताना कुणाचं तरी बोट धरती. झोप लागली की हळूच काढून घ्यायचं, ओढायचं न्हाय." आवाज अगदी साधा होता. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. कणीक कधीच मळून झाली होती, तरी ती मळतच होती.

पोरीला सासरी धाडताना विहिणीला सांगतात तसं हे सगळं चाललं होतं. आणि पोरीची तिसरी नुकतीच संपलेली. मी पाणी न पिताच बाहेर आलो.

संध्याकाळी दाजींना चहा प्यायला म्हणून कोपऱ्यावर नेलं आणि सगळं ओकून टाकलं. दप्तर कॉटखाली असतं. शिकवणी पहिलीपासून आहे. घरचा अभ्यास मी मोबाईलवर अर्थ बघत करून घेतो, आणि मला नाही आला तर खालच्या शिकवणीच्या बाई करून घेतात. कविता पाठ आहे, पण त्याला इंग्रजीत पाणी मागायला सांगितलं तर तो तहानलेला राहील. डोळ्यांना काही झालेलं नाही. गाजराचं तर बोलूच नका.

मला वाटलं होतं दाजी हसतील. फार तर एखादी शिवी देतील. त्यांनी कप खाली ठेवला.

"पाव्हणं, नको म्हणायचं आसंल तर सरळ नको म्हणायचं."

"अहो, तसं नाही दाजी..."

"तीन वर्सं शाळा लई भारी हुती. आज आमची पोर दारात आली आन् शाळा वाईट झाली?"

"शाळा वाईट नाहीच. मी सांगत होतो तशी नाही, एवढंच."

"व्हय, व्हय. कळलं."

आयुष्यात पहिल्यांदा मी एका दमात एवढं खरं बोललो होतो आणि समोरच्याला त्यात पोर टाळायची सबब दिसली. तीन वर्षं जे फुगवून सांगितलं त्यातल्या शब्दाशब्दावर या माणसानं विश्वास ठेवला होता. परतीच्या वाटेवर ते माझ्यापुढं चार पावलं चालत होते.

रात्री ताट वाढलं. दाजी "पुरे" म्हणत होते, तेही भाकरी पुढ्यात यायच्या आधी. पाहुणा असा जेवायला लागला की घरातल्या बाईला ते लगेच कळतं. बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी ताटाकडं बघितलं. मग दाजीच म्हणाले, "वैनी, पोर न्हेतो आमी परत. तुमाला अडचण नको."

"अडचण? कोण म्हणालं अडचण?"

"पाव्हण्यांनी समदं सांगितलं. शाळा बी बरी न्हाय म्हणं, शिकवणी बी लावावी लागती."

ताईचा हात ताटातच थांबला. माझ्या लाडक्या बहिणीला असं वाटावं की भावाला तिची पोर नको झाली! मला घाम फुटला, आणि घाम फुटला की मी जे करतो तेच केलं.

"दाजी, मला तुमची पोर जड असती ना, तर मी माझा पोरगा तुमच्याकडं ठेवायला तयार झालो असतो का?"

"म्हंजी?"

"म्हणजे माझा पोरगाच घेऊन जा वैरागला. घाला तुमच्या शाळेत. वर्षभर राहू दे. आहे काय त्यात? आत्याचं घर, परकं थोडंच आहे."

हे कुठून आलं मला माहीत नाही. पोरगा तोंडात घास तसाच ठेवून बघत राहिला. दाजीही चमकले. क्षणभर मला वाटलं, जिंकलो. आणि तेवढ्यात बायकोनं भाकरीचं टोपलं खाली आदळलं.

"माझं पोर मी कुठं ठेवणार नाही! शाळा कसली का असेना. माझ्या डोळ्यापुढं राहील ते."

मग ताई बोलली, मान वर न करता.

"आन् माझं?"

बायकोनं पटकन तोंडावर हात ठेवला. ताईनं आणखी थोडी चटणी घेतली आणि जेवत राहिली. महिनाभरात या विषयावर ती पहिल्यांदा बोलली असावी, आणि तेवढ्यात तिचं सगळं बोलून झालं होतं.

जेवण झाल्यावर दाजी गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी मागं गेलो. माफी मागायची होती, पण नेमकी कशाची ते ठरत नव्हतं. तेच बोलले.

"कंपनीनं आमा दुकानदारांना पुण्याला न्हेलं हुतं. मोठं हाटेल. समदं इंग्रजीत. मी मागं बसलो. कुणी हसलं न्हाय बगा मला. हसलं आसतं तर भांडलो आसतो. कुणी बगितलंच न्हाय." त्यांनी कठड्यावर हात टेकले. "माझ्या पोरीचं तसं हुऊ नये. एवढंच हुतं. तुमच्याकडं आलो की तुमचं पोरगं उभं ऱ्हाऊन ते इंग्रजी म्हणायचं... मला वाटायचं, ह्याच्याकडं कोण न बगता जाईल?"

पिवळ्या बसची गोष्ट त्यांना सांगावी असं वाटलं. पोरगा एकटा चालत निघाला तर लोक बघतील म्हणून मी त्याला त्या शाळेत घातलं होतं, आणि दाजींना त्यांची पोर तिथं हवी होती ती लोकांनी बघावं म्हणून. पण ती सांगायला मला जमलं नाही.

सकाळी दाजी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. म्हणजे शाळेत जायचंच होतं. ताईनं पोरीची वेणी घातली. घट्ट. पोरगी रडली नाही. दाजींना जन्माचा दाखला हवा होता, तो बॅगेत नव्हता, म्हणून त्यांनी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात पोरीचे फ्रॉक नीट लावलेले. वरच्या कप्प्यात ताईच्या साड्या, दोन, आणि तिचा कंगवा.

"ह्या हितं कुणी ठिवल्या?" दाजींनी विचारलं.

"मी," भाची म्हणाली. "वरचा आईचा. तिचा हात पोचतोय."

"आई कशाला ऱ्हाईल हितं? आई उद्या जायची."

पोरगी त्यांच्याकडं बघत राहिली. रुसली नाही की रडली नाही. मोठ्या माणसानं हिशेबात चूक केली की पोरं बघतात तशी बघत होती.

"तुमीच म्हणाला की, आपल्याला सोलापूरला ऱ्हायाचंय म्हणून."

आणि खरंच, दाजी तसंच म्हणाले होते. वैरागात, स्टँडवर, गाडीत, आमच्या दारात, सगळीकडं "आपल्याला". त्या एका महिन्यात दोन्ही शाळांची तुलना दाजींनी केली, मी केली, बायकोनं केली, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांनी केली. जी राहणार होती तिला मात्र कुणी धड सांगितलंही नव्हतं की आई मागं राहणार.

दाजींनी कपाटाचं दार धरून ठेवलं होतं. मग ते खाली बसले आणि साड्या बाहेर काढून बॅगेत घालू लागले. त्यांना साडीची घडी येत नाही. त्यांनी एक कशीबशी गुंडाळली, दुसरी गुंडाळायला घेतली. ताई दारात उभी राहून बघत होती, पण मदतीला पुढं झाली नाही. मग त्यांनी फ्रॉकही काढायला सुरुवात केली तेव्हा ती आली, त्यांच्या हातातून साड्या घेतल्या, झटकल्या आणि नीट घड्या घालायला बसली. डोळे पुसत होती, आणि "आसं कुणी कोंबतं व्हय कापडं" म्हणून नवऱ्यावर तोंडही टाकत होती.

भाची यंदाही वैरागच्याच शाळेत आहे. तिच्या शाळेतल्या एका बाईंना अधूनमधून सर्वेक्षणाच्या कामाला जुंपतात, मग उरलेल्या बाई दोन वर्ग एकत्र बसवतात, हे दाजींनी परवाच फोनवर सांगितलं. तक्रारीच्या सुरात. त्यांची इंग्रजीची भीती काही गेलेली नाही आणि ती घालवायला माझ्याकडं काही नाही. आता ते विचारतात, "पाव्हणं, शाळा काय म्हणती?" तर मी सांगतो, बरी आहे. गणित चांगलं घेतात, मराठीची बोंब आहे, दप्तर जड आहे.

"खरं सांगताय न्हवं?" ते विचारतात.

खरंच सांगतो. त्यांचा अजून अर्धाच विश्वास बसतो, आणि तेवढा बसतो हेही माझ्या लायकीपेक्षा जास्तच आहे.