स्टेनोकाकांची उलटतपासणी

स्टेनोकाका कुठल्याही बिघडलेल्या कॉम्प्युटरला आधी निर्दोष धरत. व्हिडिओ कॉलवर चित्र येत नसो की आवाज, लोक यायचे ते लॅपटॉपला शिव्या घालतच. काका हात वर करून त्यांना थांबवायचे. "आरोप नंतर. आधी काय झालं ते सांग. तुला काय वाटतं ते नको, काय दिसलं ते." महाडच्या कोर्टात स्टेनो म्हणून त्यांची सगळी नोकरी साक्षीदारांचे शब्द टिपण्यात गेली होती. निवृत्तीनंतर साक्षीदार मिळेनात म्हणून ते यंत्रांची उलटतपासणी करतात, असं आमच्या बिल्डिंगमध्ये चेष्टेनं म्हणत. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणारी शाळेतली बाई. शाळा घरात बसून ऑनलाइन घ्यायची वेळ आली, तेव्हा मी त्यांच्या दारात इतकी उभी राहिले की काकूंनी मला एक स्टूलच देऊन टाकलं.

'बंद करून परत चालू करा' हा सर्वमान्य उपाय त्यांना मुळीच खपत नसे. "म्हणजे न ऐकताच निकाल?" ते गुरकावायचे. त्यानं बऱ्याचदा काम होतं हे त्यांनाही ठाऊक होतं, पण मग खरा गुन्हेगार कोण ते कळायचं नाही आणि काकांचं जेवणावरून लक्ष उडायचं. ते एका वेळी एकच गोष्ट बदलत आणि लगेच पलीकडच्या माणसाला विचारत. आपल्या बाजूला सगळं ठीक दिसतंय, याला त्यांच्या लेखी काडीची किंमत नव्हती. "तुझा आवाज तुला येणारच गो. पलीकडं काय पोचलं ते पलीकडचाच सांगणार."

एकदा माझ्या पालकसभेत अशा शिट्ट्या आणि घुमारे सुरू झाले की कोणाचं बोलणं कोणाला कळेना. काका मला परत द्यायचा डबा घेऊन आले होते. दारातूनच त्यांनी क्षणभर कान दिला आणि म्हणाले, "कोणाच्या तरी घरात दोन तोंडं उघडी हायत. एक मिटायला सांग." खरंच एका घरात वडील मोबाइलवरून आणि आई कॉम्प्युटरवरून, एकाच खोलीत, एकाच सभेला बसले होते. मोबाइल बंद केला आणि सभा शांत झाली. काकांनी कशालाही हात लावला नव्हता. 

शेजारच्या वहिनींच्या मुलीला पुण्याचं स्थळ व्हिडिओवरून बघणार होतं, तेव्हाची गोष्ट तर अजून सांगितली जाते. मुलगी साडी नेसून तयार, पाहुणे पलीकडे तयार, आणि पडद्यावर नुसता काळोख. घरातल्या प्रत्येकाचा सेटिंग्जमध्ये हात घालून झाला होता. काका आले, चष्मा पुसला आणि लॅपटॉपच्या वरच्या कडेवरून नखानं काहीतरी काढलं. वहिनींना अंघोळीला जाताना कपाळावरची टिकली समोर दिसेल तिथं चिकटवायची सवय. यावेळी ती नेमकी कॅमेऱ्यावर बसली होती. काकांनी ती वहिनींच्या तळहातावर ठेवली आणि गंभीरपणे म्हणाले, "मुद्देमाल." पाहुण्यांना पहिलं दर्शन झालं ते हसून लोटपोट झालेल्या मुलीचं. स्थळ जमलं.

आज काका नाहीत, आणि आमची आईही नाही. पण काकांना मी मनोमन हात जोडले ते आईमुळे.

आई आमच्या उमरठच्या घरी होती. अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली. उरला तो घशातून येणारा एक हुंकार. लांब हुंकार म्हणजे 'हो', दोनदा तोडून दिला म्हणजे 'नाही', एवढं घरातली आम्ही सगळी ओळखायला शिकलो होतो. माझा दादा मस्कतला. मोबाइलवर त्याचा चेहरा आईला नीट दिसेना, म्हणून दर रविवारी मी माझा लॅपटॉप घेऊन जायची. पडद्यावर दादा दिसला की आई हुंकार द्यायची, आणि दादा वाट बघत बसायचा.

"दादा, बोलतेय ती," मी म्हणायची.

"माझी समजूत काढू नको. तुम्हाला हुंकार देते, माझ्यापुढं तोंड मिटून बसलेय ती. बाबा गेले तेव्हा मी आलो नाय, त्याचा राग हाय तो."

त्याला तेव्हा रजा मिळाली नव्हती, हे आईला माहीत होतं. पण ते तिनं त्याला सांगायचं कसं? एका रविवारी तो म्हणाला, "आता फोन लावू नको गो. तिला पण त्रास, मला पण." आई दर रविवारी सकाळपासून दाराकडे डोळे लावून असायची. मी महाडला परतले ती थेट काकांच्या दारात जाऊन रडले.

दुखरे गुडघे शेकायला महाडजवळच्या सव गावी गरम पाण्याच्या कुंडावर जाणारा हा माणूस पुढच्या रविवारी एसटीनं पोलादपूर गाठून माझ्याबरोबर उमरठला आला. आईच्या खाटेजवळ बसून, डोळे मिटून, त्यांनी आधी तिचा हुंकार ऐकला. मग मला कॉल लावायला सांगितला. एकदाच, शेवटचं, म्हणून दादानं उचलला. मी बोलले, ते त्याला स्वच्छ ऐकू गेलं.

"म्हणजे माइक निर्दोष," काका पुटपुटले. मग कॅमेऱ्यासमोर वाकून त्यांनी खाडकन टाळी वाजवली. उंबऱ्यावरची कोंबडी फडफडत पळाली. "ऐकलंस?"

"टाळी दिसली काका. ऐकू नाय आली."

काका माझ्याकडे वळले. "हा प्रोग्राम शब्द तेवढे पुढं धाडतो. बाकीचं सगळं गोंगाट म्हणून गाळतो. तुझ्या आईला यानं गोंगाटात काढलंय." यंत्रावर रागावलेले काका मी त्या दिवशीच पाहिले. "साक्षीदाराला हुंदका आला तर तो पण मी लिहून घ्यायचो. हा कोण टिकोजी गाळणारा?"

त्यांनी आवाजाच्या सेटिंग्ज उघडल्या आणि गोंगाट गाळायची सोय बंद केली. "पंखा वाजतोय तुमच्याकडं," दादा लगेच म्हणाला. आईनं हुंकार दिला.

दादा एकदम पुढं सरकला. पडदाभर त्याचा चेहराच झाला. "आई? तू हाय ती?"

लांब हुंकार.

"रागावलीस ना माझ्यावर?"

आईनं हुंकार दोनदा तोडून दिला. त्याचा अर्थ मी दादाला कधीच सांगितला नव्हता. सांगायची गरजही पडली नाही. तो तोंडावर हात घेऊन रडत होता.

मी डोळे पुसत वळले, तर काका जागेवर नव्हते. मी चहा घेऊन ओटीवर गेले. ते पायरीवर पाठमोरे बसले होते, दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून. मी समोर जाऊन कप पुढं केला. त्यांनी हात काढले नाहीत. कान झाकलेली माणसं बोलतात तसे ते मोठ्यानं म्हणाले, "त्यांचं चालू दे. मी ऐकत नाय."